टीम संकटातही एकत्र राहावी म्हणून रोजच्या कामात काय बदलावे?

प्रश्न : पहाटवारा

नमस्कार. गेली चार वर्षे मी बारा जणांच्या एका टीमची प्रमुख आहे. ग्राहक कंपन्यांचे सर्व्हर आणि डेटा सांभाळणे हे आमचे काम. निम्मी माणसे दिवसपाळीत आणि निम्मी रात्रपाळीत असतात, त्यांतील चार जण घरून काम करतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी एकमेकांसमोर येण्याचा प्रसंग महिन्यातून एखादाच.

तीन महिन्यांपूर्वी एका ग्राहकाचा डेटा नव्या यंत्रणेवर हलवत असताना मध्यरात्री काम अडकले आणि मागे परतावे म्हणून बॅकअप उघडला, तर तो अर्धवट निघाला. पुढचे छत्तीस तास आम्ही जागून काढले आणि दुसऱ्या एका ठिकाणच्या प्रतीवरून डेटा परत उभा केला. असा प्रसंग एकत्र निभावला की माणसे जवळ येतात, अशी माझी समजूत होती. आमच्याकडे उलट घडले. हे कोणामुळे झाले याची कुजबुज सुरू झाली, दिवसपाळी रात्रपाळीकडे बोट दाखवू लागली, मीटिंगमध्ये कोणी बोलेनासे झाले आणि सहा आठवड्यांत दोन अनुभवी सहकाऱ्यांनी राजीनामे दिले.

मला सर्वांत लागलेली गोष्ट वेगळीच आहे. नंतर तपास करताना कळले की बॅकअपच्या फाइलचा आकार नेहमीपेक्षा बराच कमी आहे, हे एका नव्या सहकाऱ्याच्या दोन दिवस आधीच लक्षात आले होते. त्याने ते स्वतःच्या वहीत लिहूनही ठेवले होते, मात्र कोणाला सांगितले नव्हते.

आमचे वातावरण चांगले आहे असेच मी मानत आले. दर तिमाहीला सहल असते, उत्तम कामाचे जाहीर कौतुक होते, माझ्या केबिनचे दार कायम उघडे असते. मीटिंग रडगाण्यात जाऊ नये म्हणून ‘अडचण आणाल तर सोबत उपायही आणा’ असा एक नियमही आम्ही पहिल्यापासून पाळतो. एचआर विभागाने आता दोन दिवसांची निवासी कार्यशाळा सुचवली आहे. माझा तिला विरोध नाही, पण त्याने नेमके काय बदलेल हे मला समजत नाही. एकमेकांशी खरोखर बांधलेली आणि धक्का बसला तरी सावरणारी टीम घडवायची असेल तर सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद : जुनी सिस्टर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मनापासून विचारता आहात, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. तुमच्या नव्या सहकाऱ्याने तुमचा नियम काटेकोरपणे पाळला. फाइल लहान आहे एवढेच त्याला दिसत होते. ती का लहान आहे हे ठाऊक नव्हते, मग त्यावरचा उपाय कोठून असणार? ‘अडचण आणाल तर उपायही आणा’ असे जेथे सांगितले जाते तेथे त्याने काय घेऊन यायचे होते? नियमामागचा तुमचा हेतू मला कळतो. पण अर्धवट दिसलेली, नीट न उमगलेली गोष्ट हीच बहुतेक वेळा धोक्याची पहिली खूण असते, आणि तुमच्या नियमाने तीच दाराबाहेर थांबते.

मी तीस वर्षे परिचारिका होते, त्यांतली शेवटची अकरा वर्षे वॉर्डची इन्चार्ज. आमच्या क्षेत्रातील एक अभ्यास तुम्ही अवश्य लक्षात घ्यावा. एमी एडमंडसन या संशोधिकेने दोन रुग्णालयांच्या आठ विभागांत औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगल्या टीमच्या हातून चुका कमी होत असतील, ही अपेक्षा होती. आकडे उलटे आले. जेथे प्रमुखाशी मोकळेपणाने बोलता येत होते आणि आपसांतले संबंध चांगले होते, तेथेच नोंदलेल्या चुका अधिक होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की या विभागांत चुका लपवल्या जात नव्हत्या, म्हणून त्या कागदावर येत होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी एका उत्पादक कंपनीतील ५१ टीमच्या अभ्यासातून ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली. येथे शंका काढली, मदत मागितली किंवा चूक कबूल केली तर आपल्याला खाली पाहावे लागणार नाही, अशी टीममधील सर्वांची मिळून असलेली धारणा, असा तिचा अर्थ. ‘सर्वांची मिळून’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण तुमचे दार उघडे आहे ही तूर्त तुमची एकटीची धारणा आहे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. इन्चार्ज झाल्यावर पहिल्याच वर्षी, पहाटे चारच्या सुमारास, एक नवी सिस्टर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. शेजारच्या बेडवरील रुग्णाची गोळी तिने चुकून दुसऱ्याला दिली होती. माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, “केस पेपर पाहता येत नाही का तुला?” रुग्णाला सुदैवाने काही झाले नाही. त्यानंतर चार महिने माझ्या वॉर्डातील चुकांच्या वहीत एकही नोंद झाली नाही आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. शेवटी माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका सहकारी सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, चुका थांबलेल्या नाहीत. तुम्हाला सांगायचे थांबले आहे.”

त्या दिवसापासून मी माझे प्रश्न ठरवून घेतले. पहिला, रुग्ण आता कसा आहे? दुसरा, तू ठीक आहेस ना? तिसरा, त्या क्षणी तुझ्यासमोर काय काय होते? या तिसऱ्या प्रश्नामुळे वॉर्ड बदलला. वर्षभराने जवळपास तशीच चूक पुन्हा झाली तेव्हा तो प्रश्न विचारल्यावर कळले, की एकाच रंगाच्या दोन डब्या ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी ठेवल्या जात होत्या आणि रात्री वरचा दिवा मंद केलेला असे. आम्ही डब्यांचे कप्पे बदलले, ट्रॉलीला छोटा दिवा लावला. ‘कोणी केले’ एवढेच विचारत बसले असते, तर मला आणखी एक घाबरलेली मुलगी मिळाली असती आणि डब्या तेथेच राहिल्या असत्या.

निवासी कार्यशाळेला जरूर जा. मात्र परत आल्यावर पहिली वाईट बातमी येईल, तेव्हा तुमचे पहिले वाक्य काय असेल हे आधी ठरवून ठेवा. टीम ते वाक्य वर्षानुवर्षे विसरत नाही.

प्रतिसाद : तोलकाटा

सिस्टरबाईंचे म्हणणे पूर्णपणे पटते, पण केवळ बोलण्याच्या मोकळेपणावर सारा भार टाकू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

छत्तीस तास जागल्यानंतर तुमच्या माणसांना भरपाई सुट्टी मिळाली का? जे दोघे गेले ते त्या छत्तीस तासांत सर्वाधिक राबलेले होते का? बारा जणांचे काम आता दहा जण करत असतील, तर ते माझ्या मते आजचे सर्वांत मोठे संकट आहे. ‘चिवट टीम’ या शब्दाआड अनेकदा एवढाच अर्थ दडलेला असतो, की भार तोच राहील, माणसांनी तो सोसायला शिकावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणाच्या संदर्भात ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तो कामाशी निगडित प्रकार असल्याचे आणि कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला दीर्घकाळचा ताण त्यामागे असल्याचे म्हटले. थकवा, कामापासून मनाने दूर जाणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, या तिन्ही खुणा तुमच्या गप्प झालेल्या मीटिंगमध्ये शोधून पाहा.

टोयोटाच्या कारखान्यांत काहीतरी बिघडलेले दिसताच कोणताही कामगार दोरी ओढू शकतो, हे अनेकांनी ऐकलेले असते. दोरी ओढल्यावर पुढे काय होते ते मात्र फारसे सांगितले जात नाही. दोरी ओढताच टीम लीडर त्याच्यापाशी धावत येतो, दोघे मिळून पाहतात, आणि त्या टप्प्याच्या ठरलेल्या वेळेत गोष्ट सुटली नाही तरच लाइन थांबते. यासाठी लीडरचे हात मोकळे असावे लागतात, म्हणून तेथे थोड्याच माणसांमागे एक लीडर असतो. तुमच्या रात्रपाळीत रात्री दोन वाजता कोणी दोरी ओढली, तर धावून येण्याइतके रिकामे हात कोणाकडे आहेत?

आणखी एक अगदी साधे काम या आठवड्यातच करावे. टीमची सर्व कामे एका बाजूला आणि ती येणाऱ्यांची नावे दुसऱ्या बाजूला लिहून तक्ता करा. जेथे एकच नाव येईल, तेथे तुमची टीम एका माणसाच्या आजारपणावर टांगलेली आहे असे समजा, आणि त्या कामावर दुसरा माणूस बसवण्यासाठी वेळापत्रकात खरोखरच तास राखून ठेवा.

प्रतिसाद : पहाटवारा

दोघांचेही आभार. सुट्टी दिली होती, पण ‘सोयीने घ्या’ असे म्हटल्यामुळे ती प्रत्यक्षात कोणीच घेतली नाही, हे आज हजेरी उघडून पाहिल्यावर कळले आणि मला वाईट वाटले. तक्ता करायला घेतला आहे. चौदा कामांपैकी पाच कामांपुढे एकच नाव आहे, आणि त्या पाचांपैकी दोन नावे राजीनामा दिलेल्यांची होती.

नियमाबद्दल सिस्टरबाईंनी लिहिले ते वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून होते. त्या सहकाऱ्याशी उद्या बोलणार आहे. एक शंका मात्र उरते : पाळ्या वेगळ्या आणि चार जण दूर असताना माणसांत जवळीक कशी यावी? सहलीत सगळे हसतखेळत असतात आणि सोमवारी पुन्हा ‘ते’ आणि ‘आम्ही’ होते.

प्रतिसाद : कोळशाचा दिवा

तुमच्या शेवटच्या शंकेवर लिहितो, कारण माझा अभ्यासाचा विषय तोच आहे आणि या नावाने लिहिण्याचे कारणही तेच.

१९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी ब्रिटनमधील कोळसा खाणींवर एक लेख प्रसिद्ध केला. बॅमफोर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते, हे महत्त्वाचे, कारण त्यांना खालचे जग आतून माहीत होते. जुन्या पद्धतीत दोन-तीन माणसांचा लहान गट खाणीतला आपला तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः सांभाळत असे. ती माणसे एकमेकांना निवडत, एकमेकांच्या कामाची जबाबदारी घेत, आणि कोणी जखमी झाला तर त्याच्या घरच्यांची काळजीही वाहत. मग यंत्रे आली आणि ‘लाँगवॉल’ पद्धत सुरू झाली. चाळीस-पन्नास माणसे लांबलचक पट्टीवर विखुरली गेली आणि एकच काम तीन पाळ्यांत कापले गेले : एका पाळीने कोळसा सुटा करण्याची तयारी करायची, दुसरीने वाहक पट्टा हलवायचा, तिसरीने कोळसा भरायचा. पहिल्या पाळीत राहिलेली उणीव तिसऱ्या पाळीच्या पाठीवर पडत असे, आणि ती ज्याने ठेवली तो तोपर्यंत घरी गेलेला असे. गैरहजेरी, एकमेकांवर दोष ढकलणे, आपल्यापुरते पाहणे, असे सारे त्या लेखात नोंदलेले आहे. माणसे तीच होती, त्यांच्या वस्त्याही त्याच होत्या, पण कामाची मांडणी बदलताच नाती बदलली.

तुमचा प्रश्न वाचताना मला ही खाण आठवली. तुमच्याकडेही दिवसपाळी काम सुरू करते आणि रात्रपाळी त्याचे परिणाम भोगते, किंवा याच्या उलट. जोपर्यंत एकही काम असे नाही, की जे दोन्ही पाळ्यांतील माणसांनी मिळून सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपले म्हणून सांभाळले, तोपर्यंत सहलीतली ओळख सोमवारच्या कामाला पुरी पडणार नाही. माझी सूचना अशी की ग्राहक वाटून द्या, पाळ्या वाटू नका. तीन किंवा चार जणांच्या एका लहान गटाकडे, ज्यात दिवसाचा, रात्रीचा आणि घरून काम करणारा असे तिघेही असतील, काही ठरावीक ग्राहकांची पूर्ण जबाबदारी द्या. पाळी बदलताना मग ‘त्यांना’ काम देण्याऐवजी आपल्याच गटातील माणसाला ते सोपवले जाईल.

हाताशी असलेली एक छोटी गोष्टही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियांसाठी जी सुरक्षा-सूची तयार केली, तिच्यात पहिला छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि आपली भूमिका मोठ्याने सांगावी, असा एक मुद्दा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ शहरांतील आठ रुग्णालयांच्या अभ्यासात ही सूची वापरल्यानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. त्याचे श्रेय केवळ नावे सांगण्याला देता येणार नाही, कारण सूचीत इतरही बऱ्याच तपासण्या आहेत. तरीही ज्याने एकदा स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले आहे, त्याला पुढे ‘थांबा’ म्हणणे थोडे सोपे जाते, असे मला नेहमी वाटत आले आहे. मोठे काम सुरू करण्यापूर्वीच्या कॉलवर दोन मिनिटे यासाठी ठेवा, घरून काम करणाऱ्यांपासून सुरुवात करा.

प्रतिसाद : उजवी खुर्ची

मी विमानसेवेत सहवैमानिक म्हणून बरीच वर्षे काम केले. आमच्याकडे शंका वेळीच बोलून दाखवण्याचे आणि ती ऐकून घेण्याचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि ते दुःखद प्रसंगांतून आले आहे. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. कारणे अनेक होती. त्यांतील एक हे की दुसरे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले आहे की नाही, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती, पण ज्येष्ठ कॅप्टनच्या ठाम उत्तरापुढे ती तेथेच विरली. १९८९ साली अमेरिकेतील सू सिटीच्या विमान अपघातात याच्या उलट घडले. शेपटीतील इंजिन फुटून विमान वळवण्यासाठी लागणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या, तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी कॉकपिटमधील प्रत्येकाची मदत घेतली. प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाच्या हाती इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे थ्रॉटल दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले, आणि हेन्स यांनी त्याचे श्रेय पुढे या प्रशिक्षणालाही दिले.

तुमच्या उपयोगाची गोष्ट आहे ती कामानंतरच्या उजळणीची. काय ठरले होते, काय झाले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू, एवढेच चार प्रश्न, पंधरा मिनिटे, आणि पहिले प्रमुखाने स्वतःच्या कामाबद्दल बोलायचे. २०१३ साली टॅननबॉम आणि सेरासोली यांनी अशा उजळणीवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामगिरीत सरासरी २० ते २५ टक्के सुधारणा आढळली. ही उजळणी बिघाडानंतरच घेऊ नका. सुरळीत पार पडलेल्या कामानंतरही ती घेतली, तरच उजळणी म्हणजे चौकशी असा समज होत नाही.

प्रतिसाद : पहाटवारा

सात आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे.

त्या सहकाऱ्याशी बोलले. तो म्हणाला, “मॅडम, फाइल लहान का आहे ते मला कळत नव्हते. कळले की सांगू, असे ठरवले होते.” मी त्याची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर तो नियम ही माझी चूक होती असे सांगून रद्द केला. त्या वेळी कोणी काही बोलले नाही.

पाळी बदलतानाच्या नोंदीत आम्ही एक नवी ओळ घातली : ‘आज काय खटकले?’ उपाय लिहायचा नाही, कारण लिहायचे नाही, केवळ खटकले ते लिहायचे. पहिले नऊ दिवस ती ओळ रिकामी राहिली. दहाव्या दिवशी मीच लिहिले, की ग्राहकाने मागितलेली तारीख मी टीमला न विचारता मान्य केली आहे आणि ती मला आता खटकते आहे. दोघांनी त्याखाली लगेच लिहिले की त्यांनाही ती अवघड वाटत होती, आणि तारीख चार दिवस पुढे गेली. त्यानंतरच्या आठवड्यात रात्रपाळीतून पहिली नोंद आली : एका डिस्कचा इशारा दोनदा येऊन आपोआप गेला, कारण माहीत नाही. तपासले, काहीच निघाले नाही. दोन तास गेले. त्या नोंदीबद्दल मी नाव घेऊन आभार मानले, कारण काही न निघालेल्या नोंदीचे काय होते याकडेच सगळ्यांचे लक्ष आहे, हे मला जाणवत होते.

ग्राहकांप्रमाणे तीन लहान गट केले आहेत. एकाच नावाची पाच कामे होती, ती आता दोन उरली. भरपाई सुट्टीची तारीख आता मीच ठरवून देते. दोन रिकाम्या जागांपैकी एक भरली गेली आहे. दुसरीसाठी वरिष्ठांकडे तोच तक्ता नेला होता, त्यावर निर्णय व्हायचा आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. घरून काम करणाऱ्या चौघांपैकी दोघे त्यांना खटकलेले सामायिक नोंदीत न लिहिता मला खासगी संदेशाने कळवतात. मी ते त्यांच्या परवानगीने, नाव न घालता नोंदीत उतरवते, पण त्यामुळे बाकीच्यांशी त्यांचा धागा जुळत नाही हे मला दिसते. दूर बसलेल्या माणसाने गटासमोर स्वतः लिहावे यासाठी कोणी काही करून पाहिले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.